बारा आणे धातू, चार आणे रबर

२०२४ सालच्या मे महिन्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, माझ्या सख्ख्या भाच्याशी माझे भांडण झाले आणि ते मोटारीच्या चाकांवरून झाले. वाटणीवरून, लग्नावरून, मानपानावरून मामा-भाच्यांची भांडणे होतात; मी स्वतः माझ्या कादंबऱ्यांतून ती लावून दिली आहेत. परंतु चार चाकांपायी दोघांनी तीन दिवस एकमेकांशी बोलू नये आणि माझ्या थोरल्या बहिणीने ताटे वाढताना दोघांकडेही पाठ करावी, असा प्रसंग मला कधी सुचला नसता. तो घडला. त्यात माझी बाजू बरोबर होती, असे माझे आजही निक्षून सांगणे आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकांना मोटारीतले काही कळत नसेल तर त्यांनी पान उलटू नये. मलाही कळत नव्हते. मला चाकातले कळते.

माझा हा भाचा कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या एका उपनगरात संगणकाच्या कामावर आहे. माझी ताई तेव्हा सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलेली. त्याने मला तिकीट पाठविले आणि लिहिले, "मामा, या. मी एक गाडी बांधतोय. तुम्हांला दाखवायची आहे." गाडी बांधणे हा शब्दप्रयोग वाचून मला बरे वाटले. आमच्या घराण्यात गाड्याच बांधीत असत. माझे आजोबा आणि वडील दोघेही गाडीसुतार. बाभळीचे आरे तासणे, तुंब्याला भोके पाडणे, लोखंडाची धाव गोवऱ्यांच्या जाळात तांबडी करून ती चाकावर चढविणे आणि वरून पाणी ओतून ती आवळून घेणे, हे मी लहानपणी रोज पाहिले. मी मात्र मॅट्रिक होऊन चित्रकलेच्या मास्तरकीकडे वळलो.

भाच्याची गाडी निघाली 'हॉट रॉड'. हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुनी, बहुधा १९२८ ते १९३४ या काळातली, फोर्ड मोटार घ्यावयाची; तिचे मडगार्ड, पायऱ्या, नको ते ओझे काढून टाकावयाचे; आत दणकट इंजिन बसवावयाचे; आणि आपल्या मनाप्रमाणे ती सजवावयाची. हा अमेरिकन पोरांचा शोध आहे, आणि त्यातही दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांचा. तिथल्या मोहावी वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी पडलेली सरोवरे आहेत. पाटासारखी सपाट, मैलोगणती. गरिबाघरची पोरे आपल्या मोडक्या गाड्या तिथे नेऊन पळवीत. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था काढली. महायुद्धानंतर फौजेतून सुटून आलेली मुले या नादात पडली, १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' याच नावाचे मासिक निघाले, आणि १९४९ पासून युटा राज्यातल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर शर्यतींचा आठवडा भरू लागला. १९३२ सालची फोर्ड ही या साऱ्यांची लाडकी. त्या वर्षी फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन दिले, हे एक कारण. आणि ती गाडी अंगानेच देखणी होती, हे दुसरे. २०१४ साली अमेरिकेच्या टपालखात्याने हॉट रॉडवर तिकिटे काढली, तेव्हा त्यांवर हीच गाडी घेतली.

भाच्याची गाडी याच १९३२ च्या घाटाची, दोन माणसांची, बिनछपराची. रंग गडद निळा, आमच्याकडे इरकली लुगड्याला असतो तसा. गॅरेजचे दार वर गेले आणि मी ती प्रथम पाहिली, तेव्हा तिचे नाक, तिची कंबर, मागचा गोल उतार पाहून मला खरोखर आनंद झाला. मग नजर खाली गेली.

चाके वीस इंची होती. पुढची अठरा, मागची वीस. अखंड ॲल्युमिनियममधून यंत्रावर कोरून काढलेली, आरशासारखी घासलेली. आणि त्यांच्या कडेला रबराची एक काळी फीत. ताई माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "बांगड्या भरल्यासारख्या दिसतात नाही?" भाच्याला ती स्तुती वाटली. मला वाटली नाही. मी म्हणालो, "गाडी चांगली आहे, चाके दुसऱ्या कुणाची तरी आहेत."

"मामा, ही आवड ज्याची त्याची असते," तो म्हणाला.

या वाक्याशी माझे हाडवैर आहे. चोवीस वर्षे मी ते शाळेत ऐकत आलो आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारा मुलगा बैलगाडी काढतो, बैल मांजराएवढे आणि चाके रुपयाएवढी; चूक दाखविली की त्याचा बाप येऊन म्हणतो, "सर, मुलाची कल्पना आहे ती." कल्पना असती तर मी हात जोडले असते. त्या मुलाने बैल पाहिलेलाच नसतो, ही त्यातली गोष्ट आहे. रंग निळा असावा की तांबडा, ही आवड. चाक केवढे असावे, हे आवडीवर सोपविता येत नाही. कारण चाकाला काम असते आणि त्या कामातून त्याचे माप येते. बैलगाडीचे जुने लाकडी चाक पुरुषाच्या छातीला लागे, ते कुणा आजोबांना मोठे चाक 'आवडले' म्हणून नव्हे. चिखलातून, दगडगोट्यांतून ओढायला मोठे चाक हलके जाते आणि आस बैलाच्या खांद्याच्या बेताने उंचावर राहतो, म्हणून. पुढे ऊस वाहायला रबरी टायरची गाडी आली, तेव्हा चाक लहान झाले, पण त्याबरोबर दांडी बदलली, साटी बदलली. नुसते चाक बदलून कुणी मोकळा झाला नाही.

आता हॉट रॉडच्या चाकांचे माप कुठून आले ते पाहा. १९३२ ची फोर्ड कारखान्यातून निघाली तेव्हा तिला १८ इंची, तारांच्या आऱ्यांची चाके होती आणि वर सव्वापाच इंची टायर. म्हणजे जमिनीपासून टायरच्या माथ्यापर्यंत उंची साधारण साडेअठ्ठावीस इंच. गाडीचे सारे अंग त्या साडेअठ्ठावीस इंचांवर बेतलेले आहे. पोरांनी काय केले? गाडी वेगात थांबवायला जुने ब्रेक पुरेनात, म्हणून १९३९-४० च्या पुढच्या फोर्डचे तेलाच्या दाबाचे ब्रेक आणून लावले, आणि त्यांबरोबर त्या गाड्यांची सोळा इंची पोलादी चाकेही आली. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर. म्हणून मागे जाड आणि उंच टायर, साडेसात इंची, माथ्यापर्यंत सुमारे ३१ इंच. उंच टायर लावला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, इंजिनाला तेवढ्याच वेगासाठी कमी फेरे घ्यावे लागतात. गिअर बदलण्यापेक्षा टायर बदलणे स्वस्त पडे. पुढच्या चाकांना नुसते वळावयाचे. तिथे बारीक टायर, पाच-साडेपाच इंची. वारा कमी अडतो, वजन कमी होते. झाले! पुढे लहान, मागे मोठे; नाक किंचित खाली, पाठ किंचित वर; धावायच्या आधी दबा धरलेल्या जनावराचा जो डौल हॉट रॉडला आहे, तो असा आला. कुणी कागदावर काढलेला नाही. १९७३ सालच्या 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटातली पिवळी १९३२ ची फोर्ड ज्यांनी पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतो ते समजेल.

भाचा हुशार आहे. तो म्हणाला, "मामा, पुढे लहान, मागे मोठे तर माझेही आहे. मोजा." मी मोजले. त्याचा मागचा टायर २५५ मिलिमीटर रुंदीचा आणि भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के. वीस इंची रिमवर हा टायर बसला की एकूण उंची २७ इंच. पुढचा २१५ चा, तोही ३५ टक्क्यांचा, अठरा इंची रिमवर. एकूण जवळजवळ २४ इंच. फरक तीन इंचांचा. फरक ठीक आहे, हे मी तिथल्या तिथे कबूल केले. माझ्या मते तीन ते चार इंच हाच योग्य फरक; दोन इंचांच्या आत आला तर बघणाऱ्याला वाटते टायरवाला चुकला, आणि पाचांच्या पुढे गेला की ट्रॅक्टर होतो.

पण पुढचे-मागचे हे एकच नाते झाले. आणखी दोन नाती आहेत आणि तिथे त्याची गाडी सपशेल नापास होते.

एक नाते चाकाचे अंगाशी. मूळ साडेअठ्ठावीसच्या जागी मागे सत्तावीस आले. दीड इंच म्हणजे काय, असे कुणी म्हणेल. मडगार्ड असते तर ते खपून गेले असते. पण या गाडीला मडगार्ड नाही, चाक उघडे आहे, आणि अंगाला चाकासाठी ठेवलेली कमान डोळ्यांसमोर आहे. ती कमान भरत नाही. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यावर गळ्यापाशी जी पोकळी राहते, ती तिथे दिसते. गंमत अशी की वीस इंची म्हणून ज्याचा डंका वाजवावयाचा, ते चाक टायरसकट मूळ चाकाहून लहानच आहे! दुकानदार रिमचा आकडा सांगतो. जमिनीपासूनची उंची सांगत नाही. लोक रिमचा आकडा विकत घेतात. हीच पहिली चूक. आधी टायरची बाहेरची उंची ठरवावयाची, मग रुंदी, आणि रिम सगळ्यांत शेवटी. भाच्याने, त्याच्यासारख्या हजारोंनी, उलटे केले.

दुसरे नाते रबराचे धातूशी. आमचे आजोबा अखेरपर्यंत आण्यांत हिशेब करीत, त्यांच्याच भाषेत मांडतो. चाकाची एकूण उंची हा रुपया धरा. जुन्या सोळा इंची पोलादी चाकावरच्या साडेसात इंची टायरमध्ये धातू रुपयात सव्वाआठ आणे, बाकी रबर. कारखान्यातून निघालेल्या १९३२ च्या गाडीत धातू दहा आणे. आणि भाच्याच्या वीस इंचीत धातू बारा आणे, रबर चार आणे. म्हणून ती बांगडी दिसते. रबराची भिंत मागे जेमतेम साडेतीन इंच, पुढे तर तीनच.

यावर त्याने जो मुद्दा काढला तो खरोखर चांगला होता आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही मला त्याने छळले. तो म्हणाला, "मामा, १९२८-२९ च्या मॉडेल ए फोर्डला २१ इंची चाके होती आणि वर साडेचार इंची टायर. तुमच्या आण्यांत सांगा." सांगितले. एकूण उंची ३० इंच, धातू सव्वाअकरा आणे. म्हणजे जवळजवळ त्याच्याइतकाच! "मग हेन्री फोर्डही चुकला?"

सकाळी मी उत्तर दिले. पहिली गोष्ट, त्या २१ इंचांत धातू होता कुठे? बारीक तारांचे आरे. त्यांतून पलीकडचे कुंपण दिसावे. कड आणि तुंबा यांच्यामध्ये सगळी हवा. तुझ्या चाकात डोळ्याला पत्राच पत्रा दिसतो. दुसरी, टायर साडेचार इंच रुंदीचा; अंगाने बारीक माणसाला बारीक किनार शोभते. तुझा टायर दहा इंच रुंद आणि भिंत साडेतीन इंच. हे म्हणजे चौरंगाला कागदाची झालर. आणि तिसरी, ती गाडी उभ्या अंगाची, टोपी घातलेल्या माणसाने ताठ बसावे अशी. तिचे उंच चाक तिच्या उंच अंगाशी बोलते. तू अंग जमिनीला टेकवलेस आणि चाक उंच गाडीचे लावलेस. त्याने ऐकून घेतले, उत्तर दिले नाही. अबोला तिथून सुरू झाला.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर मला जुन्याचा पुजारी ठरविण्यात येईल. यंत्रावर कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या चाकांशी माझे वैर नाही. १९८० च्या दशकात बॉइड कॉडिंग्टन या कारागिराने ही चाके लोकप्रिय केली, तो २००८ साली वारला. मूळचा यंत्रावर काम करणारा माणूस, आणि काम असे की सुताराच्या पोराने पाहत राहावे. त्याच्याही आधी टेड हॅलिब्रँडने शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची ओतीव चाके केली, ती हलकी व्हावीत म्हणून. धातू कोणताही असो. हलके करण्यासाठी निघालेली वस्तू पुढे मिरवण्यासाठी जड झाली, याचे मला दुःख आहे.

आणि उलट्या टोकाच्या लोकांशीही माझे जमत नाही. तिथे एका रविवारी सकाळी एका उपाहारगृहाच्या पटांगणात अशा चाळीस-एक गाड्या जमल्या होत्या. सगळ्यांत देखणी गाडी एका पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांची होती. सोळा इंची पोलादी चाके, तांबडी, जुन्या पद्धतीचे टायर. मी वहीत तिचे रेखाचित्र काढले. त्यांनी ते मागून घेतले, मी दिले. परंतु हेच गृहस्थ रेडियल टायरला गाडीच म्हणायला तयार नाहीत, आणि त्याच वेळी हसत हसत सांगतात की हमरस्त्याच्या काँक्रीटला पाडलेल्या चरांत जुन्या बांधणीचा टायर शिरला की गाडी आपली वाट आपण शोधू लागते, सुकाणू दोन्ही हातांनी आवळावे लागते. मग कशाला? पंधरा इंची रिम घ्या, आणि उंच भिंतीचे रेडियल घ्या. मागे २५५ रुंदीचा, ७० टक्के भिंतीचा. एकूण उंची २९ इंच, भिंत सात इंच, भाच्याच्या भिंतीच्या बरोबर दुप्पट. पुढे १६५ रुंदीचा, ८० टक्क्यांचा, सुमारे साडेपंचवीस. फरक साडेतीन इंच. कमान भरते, धातू सव्वाआठ आण्यांवर येतो, आणि गाडी सरळ चालते. 'मोठ्या ब्रेकला मोठी रिम लागते' हे दुकानदारांचे पाठांतरही इथे टिकत नाही. अडीच हजार पौंडांच्या आसपासच्या गाडीला अकरा इंची डिस्क पुष्कळ झाली, आणि ती पंधरा इंची चाकात बसते. भाच्याच्या गाडीला अकरा इंचीच डिस्क होती. वीस इंची चाकात ती परातीत ठेवलेल्या वाटीसारखी दिसे.

शोभेचे एवढे पुरे. अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, भाचा ताईला गाडीतून फिरवायला घेऊन गेला. मी घरीच राहिलो, थोडा रागाने. परत यायला दोन तास उशीर झाला आणि आले ते दुसऱ्याच्या मोटारीतून. रेल्वेचे फाटक ओलांडताना, रुळाशेजारी डांबर खचले होते तिथे, पुढचे डावे चाक आपटले. वेग फार नव्हता. तीन इंची भिंतीला दबायला जागाच नव्हती. टायर रिम आणि कडा यांच्यामध्ये चिरडला, रिम वाकली, हवा एका क्षणात गेली, आणि गाडी डावीकडे ओढली जाऊन रस्त्याकडेच्या खडीत थांबली. मागून कुणी येत नव्हते, एवढेच. ताईचे कपाळ पुढच्या काचेच्या चौकटीला लागले होते, टेंगूळ आले होते. ती मला म्हणाली, "काही नाही रे, देवाची कृपा." भाचा काही बोलला नाही. तो चुलीपाशी उभा राहून चहा करू लागला, आणि दूध घालायला विसरला.

टायरची भिंत ही शोभा नव्हे. ती गाडीची पहिली स्प्रिंग आहे. सात इंचांची भिंत तीच खाच गिळून गेली असती. शिवाय मोठ्या रिमचा धातू आसापासून दूर, कडेला जातो. तो फिरवायला जोर जास्त, थांबवायला जास्त. आणि मागे २९ च्या जागी २७ इंच आले की साडेतीनास एक या गिअरवर ताशी ६० मैलांना इंजिनाला मिनिटाला सुमारे २४३० फेऱ्यांऐवजी २६१० घ्यावे लागतात. चाके रुंद करून बाहेर काढली की पुढच्या बेअरिंगवर आणि सुकाणूवर भलत्याच जागी भार येतो, तो हिशेब वेगळाच. हे सगळे चाके विकणाऱ्याला ठाऊक नसेल काय? दुसऱ्या दिवशी भाच्याने त्या दुकानाला फोन केला. रस्ता खराब असेल तर आमचा काय दोष, असे उत्तर आले; आणि वाकलेल्या रिमच्या जोडीची नवी रिम स्वस्तात देण्याची तयारीही. रस्ता खराब! आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही माणसाला विचारा. चाक हे खराब रस्त्यासाठीच असते.

त्या सोमवारी भाचा कामावर गेल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. शीतकपाट ज्या खोक्यातून आले होते ते पुठ्ठ्याचे खोके तिथे पडले होते. खिळा, सुतळी आणि पेन्सिल घेऊन मी पुठ्ठ्यावर दोन वर्तुळे काढली. एक २९ इंचांचे, एक साडेपंचवीसचे. आत पंधरा इंचांचे वर्तुळ. बाहेरचा पट्टा काळ्या रंगाने भरला, आतला भाग राखाडी ठेवला. ताईने कात्री चालविली. कपाळावर हळद लावलेली होती. एका अंगाची दोन चाके जॅकवर काढून, बुंध्याशी ती पुठ्ठ्याची चाके उभी केली आणि आम्ही दोघे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. चित्र कधीही हातभर अंतरावरून पाहू नये, चाक तर मुळीच नव्हे. वीस पावले मागे जावे, डोळे अर्धवट मिटावेत. ताई पाचवी शिकलेली आहे. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आता ती उभी राहिली रे. मघाशी ठेवल्यासारखी होती."

संध्याकाळी भाचा आला. आम्ही काही बोललो नाही. त्याने मोटार रस्त्यातच थांबविली, उतरला, आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग जवळ येऊन त्याने मागच्या पुठ्ठ्याच्या चाकावरून हात फिरविला, वर कमानीत बोटे घालून पाहिली. पोकळी नव्हती. "मामा, पुठ्ठ्यावर काहीही चांगलं दिसतं," तो म्हणाला. मी म्हणालो, "मग तुझे वीस इंची पुठ्ठ्यावर काढतो." त्याने नको म्हटले.

खर्चाचा प्रश्न होताच; घासलेली चाके विकायला काढली तर निम्मी किंमतही येत नाही, हे त्यालाही ठाऊक होते, आणि त्या चाकांसाठी त्याने दोन वर्षे पैसे साठविले होते. ते मला नंतर ताईकडून कळले. आधी कळले असते तर मी शब्द थोडे मऊ वापरले असते. माप तेच सांगितले असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा सुरू व्हायच्या आत मी परत आलो. निघताना त्याला एवढेच सांगितले की जुन्या चाकांच्या बाजारातून टायर घेशील तर त्याच्या भिंतीवरचे चार आकडे वाच; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. रबर नुसते पडून राहिले तरी म्हातारे होते. हे मला त्या पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी शिकविले होते, माझे काही नाही.

दसऱ्याला त्याचा फोटो आला. गाडीला झेंडूची माळ, सुकाणूवर कुंकवाचे बोट, आणि ताई नारळ हातात धरून उभी. मागे पंधरा इंची पोलादी चाके, निळ्याच रंगाची, उंच काळ्या टायरांत, कमान भरलेली. पुढे मात्र अजून त्याच अठरा इंची बांगड्या. वाकलेली रिम सरळ करून घेतलेली. एकाच गाडीला दोघांचे पाय! खाली लिहिले होते, "मामा, पुढची जानेवारीत. पैसे जमले की." मी तो फोटो नववीच्या वर्गाला दाखविला आणि विचारले, यात काय चुकले आहे? पहिल्या बाकावरच्या मुलीने क्षणभर पाहिले आणि पुढच्या चाकावर बोट ठेवले.